पाच गुलाम म्हणजे तीन माणसे

आपण बाजारात बैल घेतो. त्याचे दात बघतो, चाल बघतो, मग किंमत ठरवतो. माणसाचा असा बाजार भरतो म्हटले, तर कुणाला खरे वाटेल? पण अमेरिकेत तो भरत होता. एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ अडीचशे वर्षे!

तिकडे इंग्रजांनी वसाहती वसवल्या. जमीन अफाट, पण राबायला हात कमी. १६१९ साली व्हर्जिनिया प्रांतात आफ्रिकेची वीसेक माणसे जहाजातून आणून विकली. पुढे लाखो माणसे अशीच आणली. त्यांनी तंबाखू पिकवला, भात लावला, कापूस वेचला. मालक मात्र गबर झाले. गुलाम बाईचे मूल जन्मतःच गुलाम. मालकाच्या मनात आले, की लेकरू आईपासून तोडून विकत.

१७७६ साली या वसाहतींनी इंग्रजांचे राज्य झुगारून दिले. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असा जाहीरनामा काढला. तो लिहिला थॉमस जेफर्सन यांनी. त्यांनी स्वतः आयुष्यात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले!

१७८७ साली राज्यघटना लिहायला बसले, तेव्हा तंटा पडला. ज्या प्रांताची वस्ती जास्त, त्याचे प्रतिनिधी जास्त. मग गुलाम मोजायचे की नाही? मालक म्हणाले, मोजा. मत मात्र गुलामाला नाही. शेवटी तोड निघाली, पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. मोजला गुलाम आणि वजन वाढले मालकाचे!

दक्षिणेच्या कित्येक प्रांतांत गुलामाला लिहायवाचायला शिकवणे हा गुन्हा ठरला. का बरे? वाचणारा गुलाम उद्या तो जाहीरनामाही वाचेल, ही भीती.

फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम पोरगा होता. मालकीणबाईने त्याला मुळाक्षरे शिकवली. नवऱ्याने ते बंद पाडले. पोरगा हटला नाही. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून शिकायचा. १८३८ साली तो निसटला. पुढे त्याने पुस्तके लिहिली, सभा गाजवल्या. तुमच्या स्वातंत्र्यदिनाचे आम्हा गुलामांना काय, असे त्याने भर सभेत विचारले.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत घरचेच युद्ध झाले. लाखो माणसे पडली. १८६५ साली घटना बदलून गुलामी बंद केली. ही गोष्ट आपल्या जोतीराव फुल्यांनी मनावर घेतली. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केले.

पण गुलामी गेली, तरी तिथल्या काळ्या लोकांना मताचा हक्क खरोखरी मिळायला १९६५ सालचा कायदा यावा लागला. मध्ये शंभर वर्षे गेली.

आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. आता तुम्हांला एवढेच सांगतो. कागदावरचा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. तो आधी वाचावा लागतो, मग मागावा लागतो. तुम्ही वाचायला लागला आहात. आता थांबू नका.