पाटीवरची पदवी

भिलाईतल्या वैशाली नगरात एका होमिओपॅथ डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मी अख्खी सकाळ बसून होते. समोर पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले काका. दुखत होता गुडघा. बाई मात्र विचारत होत्या, तहान किती लागते, झोप कशी लागते, दुखणं बसून उठताना वाढतं की चालताना? वीस मिनिटं गेली. रोगाआधी रोगी पाहायचा, ही रीत होमिओपॅथीचा जनक हानेमानने १८१० साली ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात घालून दिली. मग बाईंनी साखरेच्या गोळ्यांवर औषधाचे थेंब टाकले, बूच लावलं, बाटली हलवली.

पुढच्या माणसाच्या छातीत जड वाटत होतं, कपाळावर घाम होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. “गोळ्या नाहीत. आत्ताच्या आत्ता सेक्टर नऊच्या हॉस्पिटलला जा,” म्हणाल्या, आणि स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

गर्दी ओसरल्यावर म्हणाल्या, “ताई, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकले. शरीररचनाही, विकृतिशास्त्रही. तरी ताप आला की लोक म्हणतात, एक इंजेक्शन देऊन टाका ना.” नाही म्हटलं की पेशंट दुसरा दवाखाना धरतो. इंजेक्शन देऊन टाकण्याचा हा ओढा साधा नाही, तो जिवावरही बेततो. १९९२ साली मुंबईत एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. त्यावरच्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या उपचाराला निष्काळजीपणा ठरवलं. जी पथी आपण शिकलो नाही ती चालवणारा भोंदूच, असंही बजावलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी केली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

माझा या गोळ्यांवर विश्वास नाही. तीस पोटेन्सी म्हणजे एकास नव्व्याण्णव असं तीसदा पातळ करणं. त्यात मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, रागावल्याही नाहीत. पण छातीवर हात ठेवून आलेल्या माणसाला त्यांनी ज्या घाईने रिक्षात बसवलं, ती घाई मला डॉक्टरची वाटली. आपली पथी कुठे थांबते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाहेरच्या पाटीवर पदवीइतक्याच मोठ्या अक्षरांत पथी लिहिलेली आहे. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याची पाटीही एकदा पूर्ण वाचा, आणि तिच्यावर होमिओपॅथी लिहिलेलं असेल तर तिथे इंजेक्शनचा हट्ट धरू नका.