‘सोय आहे’ : एका सहलीच्या आखणीतील भाषाप्रश्न

चुडावा हे परभणी जिल्ह्यातील पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील एक लहान स्थानक. तेथील एका कुटुंबास, रायगड जिल्ह्यात खोपोलीनजीक २०१३ साली सुरू झालेले ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान पाहावयाचे आहे, असे आपण समजू. कुटुंबातील आजी चाकांच्या खुर्चीवाचून हिंडू शकत नाहीत. नातू कर्णबधिर असला तरी बोलू शकतो. धाकटी नात स्वमग्न आहे. अशा सहलीची आखणी वरवर पाहता वेळापत्रकाचा व खर्चाचा प्रश्न वाटते. वस्तुतः ती विचारलेल्या प्रश्नांवर व मिळालेल्या उत्तरांवर अवलंबून असते. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही तिचा विचार करणे उचित होय.

प्रथम ‘अपंग’ या शब्दाची व्याप्ती पाहू. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले व त्यांत स्वमग्नतेचा समावेश केला. रेल्वेच्या भाडेसवलतीत मात्र चारच वर्ग येतात : सोबत्यावाचून प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, बौद्धिक अपंगत्व असलेले आणि ऐकणे व बोलणे ही दोन्ही पूर्णपणे नसलेले. अर्थात आजींना सोबत्यासह सवलत मिळू शकेल. परंतु बोलणाऱ्या नातवास, किंवा केवळ स्वमग्नतेच्या आधारावर नातीस, ती मागता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तिघेही अपंग असू शकतील. तिकीट-खिडकीवर त्या शब्दाचा अर्थ निराळा होतो. खर्चाचा अंदाज करताना हा भेद आधीच ध्यानात घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न ‘सोय आहे’ या उत्तराचा. हे वाक्य खोटे असेलच असे नाही. पण कोणासाठी, कोठे व किती, हे ते सांगत नाही. मनमाडमार्गे कल्याणला येऊन खोपोलीची उपनगरी गाडी धरावयाची, तर फलाट बदलण्यास उद्वाहक आहे काय, हे विचारावे. उद्यानात उतरणीचे प्रमाण किती, हे विचारावे. एक फूट उंचीस किमान बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. खुर्चीतून पाळण्यात बसताना उचलून कोण ठेवणार, नातवास सूचना लेखी मिळतील काय, नातीला रांगेच्या गोंगाटापासून दूर थांबता येईल काय, हेही विचारावे. ज्या प्रश्नाचे उत्तर आकड्याने अथवा ‘हो–नाही’ने देता येते, तोच येथे उपयोगी.

तिसरी गोष्ट निषेधवाक्यांची. ‘अपंगांस प्रवेश नाही’ हे वाक्य माणसाच्या वर्गाविषयी बोलते; ‘दोन्ही हातांनी दांडी धरता आली पाहिजे’ हे वाक्य कृतीविषयी. सुरक्षिततेचे कारण दुसऱ्या वाक्यात स्पष्ट होते. पहिल्यात ते झाकले जाते व कर्णबधिर नातवासही विनाकारण माघारी फिरावे लागते.

२०१६ च्या कायद्यात मनोरंजनातील सहभागाचा स्वतंत्र उल्लेख आहे. तरीही सुगम्यतेची मानके ‘शिफारस’ म्हणून ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी अवैध ठरविला आणि किमान मानके बंधनकारक करण्यास सांगितले. ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील अंतर व्याकरणापुरते नसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे २०१० साली उघडलेल्या ‘मॉर्गन्स वंडरलँड’ या उद्यानात खुर्चीसह बसता येईल असा चक्रपाळणा आहे. तेथे ‘सोय’ नंतर जोडलेली नाही. मूळ आराखड्यातच ती आहे.

तसे आराखडे आपल्याकडे सर्वत्र होईतो, अपंग सदस्य असलेल्या कुटुंबास घरून निघण्यापूर्वी नेमके प्रश्न विचारावे लागतील. त्यांस तितकीच नेमकी उत्तरे मिळणे ही त्या कुटुंबावरील मेहेरबानी नव्हे; तो त्यांच्या हक्काचाच भाग होय.