म्हाताऱ्या बैलाची सांधेदुखी व औषधोपचार

नांदेडकडील लाल कंधारी असो वा लातूरकडील देवणी असो, दहा-बारा वर्षें जूं वाहिलेल्या बैलाच्या सांध्यांत दुखणें बहुधा मुरलेलें असतें. बैल ओरडत नाहीं. उठावयास वेळ लावतो, एक पाय हलका टेकून उभा राहतो, रवंथ कमी करतो. म्हातारपणीं चालावयाचेंच, असें म्हणून त्यास तसाच ठेवणें आम्हांस पसंत नाहीं.

परंतु पेरणीच्या घाईंत दुकानांतून औषध आणावयाचें, टोचावयाचें व घटकाभरानें बैल औतास जुंपावयाचा, हीही रीत घातकच. दुखणें झांकलें जातें. सांधा झिजतच राहतो.

पशुवैद्य हल्लीं मेलॉक्सिकॅम देतात. गोवंशास त्याचें नेहमींचें प्रमाण दर किलो वजनास अर्धा मिलिग्रॅम. म्हणून वजन नजरेनें न ठरवितां मोजावें. छातीचा घेर इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनें गुणावें व ६६० नें भागावें. घेर ७२ व लांबी ६० इंच असल्यास वजन सुमारें ४७१ किलो येतें. किती दिवस द्यावें व मध्यें किती खंड ठेवावा, हें पशुवैद्यानेंच सांगावें. उदगीरचें पशुवैद्यक महाविद्यालय आपल्या जवळच आहे. अशीं दोन औषधें एकदम, किंवा स्टेरॉइडबरोबर, कदापि देऊं नयेत; पोटांत व्रण पडतात. शेण डांबरासारखें काळें दिसलें कीं औषध थांबवून पशुवैद्यास बोलवावें.

दुसरें भय मूत्रपिंडांचें. पाण्यावांचून सुकलेल्या जनावरास हें औषध बाधतें. २०१६ सालीं ज्या लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील उन्हाळ्यांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. आधीं पाणी, मग औषध.

डायक्लोफिनॅक जनावरांसाठीं २००६ सालीं बंद झालें. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक २०२३ सालीं. डायक्लोफिनॅक दिलेलें जनावर लवकरच मेलें व गिधाडांनीं तें खाल्लें, तर त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरतात. तेव्हां माणसांसाठीं विकली जाणारी बाटली गोठ्यांत आणूं नये.

औषधाची गरज कमी करणारे उपाय मात्र घरचेच आहेत. वाढलेले खूर वेळेवर कापून घ्यावेत. फरशीवर उसाचें पाचट किंवा सोयाबीनचें भुसकट जाड अंथरावें, ओलें झालें कीं बदलावें. बैलास दावणीस दिवसभर न जखडतां सकाळीं मऊ रानांत हळूहळू फिरवावें, आणि गव्हाण अशा उंचीची असावी कीं खातांना त्याच्या पुढच्या पायांवर भार पडूं नये.