शस्त्राचा हक्क घटनेच्या दारातून परत फिरला, त्याची गोष्ट

एक कोडं घालतो. प्रत्येक नागरिकाला नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा आणि वापरण्याचा मूलभूत हक्क असावा, असं म्हणणारा ठराव कोणाचा असेल? टेक्सासमधल्या बंदूकप्रेमींचा? चूक. हा ठराव आहे १९३१ सालच्या कराची काँग्रेसचा. अधिवेशनाचे अध्यक्ष वल्लभभाई पटेल. आणि मूलभूत हक्कांचा तो ठराव मांडला कोणी? महात्मा गांधींनी!

विश्वास बसत नाही ना? मग आणखी थोडं मागे जाऊ. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं हत्यारांचा कायदा आणला. देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही त्याच वर्षातला. लेखणी आणि तलवार, दोन्हींवर एकदमच पहारा. या कायद्यातली शस्त्राची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदूक आणि तोफ तर सोडाच, तीत तलवार, खंजीर, भाला आणि चक्क धनुष्यबाणही होता. युरोपियनांना मात्र सूट. म्हणजे मुद्दा हत्याराचा नव्हताच. कोणाच्या हातात ते शोभतं, हे ठरवण्याचा होता.

हा अपमान लोकांना किती झोंबला असेल? काँग्रेस जन्मून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच तिच्या ठरावांत या कायद्याविरुद्धची तक्रार आली. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी एक पत्रक काढलं. ब्रिटिश राजवटीच्या सगळ्या दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, असा त्यातला आशय. १९२८च्या नेहरू अहवालात, म्हणजे मोतीलालजींच्या अहवालात, शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला. १९३०च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाचा कर त्यांतच होता, तो सगळ्यांना आठवतो. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीही त्यांतलीच एक, ती कोणालाच आठवत नाही.

आता जरा अमेरिकेत डोकावू या, कारण तिथली सुरुवात चकित व्हावं इतकी आपल्यासारखीच आहे. १९ एप्रिल १७७५ रोजी इंग्रज पलटण मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी निघाली ती वसाहतवाल्यांचा शस्त्रसाठा जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनला गोळ्या झडल्या आणि क्रांतियुद्ध पेटलं. राज्यकर्ता इंग्रजच, आणि रागही हत्यार काढून घेण्याचाच. तिथं त्या रागातून १७९१ साली दुसरी घटनादुरुस्ती झाली. इंग्रजीत अवघे सत्तावीस शब्द, त्यांत आधी नागरी सेनेचा उल्लेख आणि मग लोकांच्या शस्त्रहक्काचा. मग हा हक्क सेनेतल्या शिपायाचा की घरी बसलेल्या माणसाचा? या प्रश्नाचा निकाल लावायला किती काळ लागावा? २१७ वर्षं! स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं ते २००८ मध्ये, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

आपल्याकडे तर शस्त्रहक्काच्या या पाहुण्यासाठी वीस वर्षं पान मांडून ठेवलेलं होतं. मग पंगत बसली तेव्हा तो उपाशी कसा परतला?

डिसेंबर १९४८. संविधान सभेत स्वातंत्र्याच्या हक्कांचं कलम चर्चेला आलं. हरि विष्णु कामत उठले. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा माणूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून सभेत आला होता. त्यांनी दुरुस्ती सुचवली: शस्त्र बाळगण्याचा हक्कही यादीत घाला. कराचीचा ठराव त्यांच्या पाठीशी होताच. पण मधल्या काळात फाळणीचा रक्तपात झाला होता. पिस्तुलाच्या गोळ्यांनी गांधीजींचा बळी घेतला, त्याला वर्षही झालं नव्हतं.

उत्तर द्यायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. परक्या सरकारविरुद्धची ती जुनी तक्रार त्यांनी नाकारली नाही. पण सरसकट सगळ्यांना हा हक्क द्यायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. आणि मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देश संकटात सापडला तर राज्याला प्रत्येक नागरिकाला हाक मारता आली पाहिजे. माझ्या मते सबंध वादातली ही सर्वांत चलाख खेळी. कामतांची दुरुस्ती पडली.

आज घटनेत हत्यार कुठं सापडतं? कलम १९ सभा भरवण्याचं स्वातंत्र्य देतं, पण शांततेनं आणि विनाशस्त्र. कलम २५च्या स्पष्टीकरणात शिखांचं कृपाण आहे, तेही धर्माचा भाग म्हणून. सातव्या अनुसूचीत शस्त्रं हा केंद्राचा विषय आहे. बस, एवढंच. बाकी सगळा कारभार १९५९च्या शस्त्र अधिनियमाचा. तोही कोरडा नाही बरं का! पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही, असं त्याचं कलम १४ सांगतं. १८७८चा सल असा एका उपकलमात जाऊन बसला आहे. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला.

आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट अजून राहिलीच. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये इंग्रजांनी तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा पद्धतीनं जमीन धारण करणाऱ्यांना शस्त्रपरवान्यातून सूट दिली होती. इंग्रज गेले, लिटनचा कायदाही गेला, पण सूट राहिली. केंद्र सरकारनं ती वाढवत नेली आणि सध्या तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे.