घरातली सुई, कचऱ्यातला हात

रुग्णालयात वापरलेली सुई कुठे टाकायची, याविषयी संभ्रम नसतो. इंजेक्शन देऊन झाले की परिचारिका ती सुई टोचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकते. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सलाइनची नळी लाल पिशवीत आणि काचेची रिकामी कुपी निळ्या खोक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे रंग ठरवून दिले आहेत. हा कचरा वेगळ्या गाडीतून जातो, त्याची नोंद होते आणि चूक झाली तर रुग्णालयाला जाब विचारला जातो.

तीच सुई मधुमेहाचा रुग्ण घरी स्वतःला टोचून घेतो, तेव्हा मात्र ती बहुतेक वेळा दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांच्या वेष्टनांबरोबर सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्या पिशवीत हात घालते. पुनर्वापर होण्याजोगे प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि पत्रा वेगळा काढण्याचे काम आपल्याकडे आजही यंत्रापेक्षा हातानेच अधिक होते.

घरात आलेला वॉर्ड

गेल्या दोन-तीन दशकांत उपचाराचा मोठा भाग रुग्णालयातून घरात आला आहे. इन्सुलिनची इंजेक्शने, साखर तपासण्यासाठी बोटाला टोचायच्या बारीक सुया, रक्त पातळ ठेवण्याची पोटावर घ्यायची इंजेक्शने, लघवीच्या पिशव्या, जखमेचे ड्रेसिंग, अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांचे डायपर हे सारे आता सामान्य घरांतही दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतले सगळे इन्सुलिन घेत नाहीत. पण दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारा एक रुग्ण प्रत्येक वेळी नवी सुई वापरत असेल, तर वर्षाला सातशे तीस सुया होतात. एका मोठ्या सोसायटीत असे पाच रुग्ण असले, तर त्या एका फाटकातून वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक सुया बाहेर पडतात.

रुग्णाला घरी सोडताना इन्सुलिन कसे घ्यायचे, कुठे ठेवायचे, साखर कमी झाली तर काय करायचे, हे सांगितले जाते. वापरलेली सुई कुठे टाकायची, हे सांगायचे मात्र अनेकदा राहून जाते. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत ही दोन मिनिटे सापडत नाहीत आणि रुग्णालाही विचारायचे सुचत नाही.

पिशवी कोण उघडते?

पुण्याचे उदाहरण घेऊ. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने अशा कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्याआधी या महिला कुंडीत उतरून भंगार शोधत. कुत्र्यांचे चावे, फुटकी काच आणि सडका कचरा हे रोजचेच होते. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था तयार झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर करार होऊन तिने दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. आज तीन हजारांहून अधिक सभासद हे काम करतात. घरोघरी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या बहुतेक महिलाच आहेत.

दारातून कचरा घेतल्याने कुंडीत उतरणे थांबले, ही आरोग्याच्या दृष्टीने मोठी सुधारणा होती. पण वर्गीकरणाचे काम उरलेच. सुक्या कचऱ्यातून दुधाची पिशवी वेगळी, जाड प्लॅस्टिक वेगळे, पुठ्ठा वेगळा, असे हाताने निवडावे लागते. भंगाराच्या दुकानात प्रत्येकाचा भाव निराळा असतो आणि त्या विक्रीवर घर चालते. हातमोजे दिले तरी कायम घातले जात नाहीत, अशी तक्रार होते. जाड मोज्यातून प्लॅस्टिकचा पोत कळत नाही, हाताला घाम येतो, काम मंदावते. शिवाय साध्या रबरी मोज्यातून सुई आरपार जाते. त्यामुळे हातमोजे हा शेवटचा बचाव ठरतो. पहिला बचाव सुई टाकणाऱ्याच्या हातात असतो.

टोचल्यावर काय होऊ शकते?

वापरलेली सुई टोचली, तर तीन विषाणूंची काळजी असते. त्यांतल्या एचआयव्हीची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते. प्रत्यक्षात सर्वांत सहज पसरणारा विषाणू हिपॅटायटिस बीचा आहे. बाधित व्यक्तीच्या रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. हिपॅटायटिस सीसाठी ती साधारण दोन टक्क्यांपर्यंत मानली जाते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र सहा ते तीस टक्के असते. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे सोमवारी टाकलेली सुई शनिवारीही धोक्याचीच असते.

हे आकडे प्रामुख्याने रुग्णालयांतील अनुभवांवर आधारलेले आहेत. इन्सुलिनची सुई फार बारीक असते, ती त्वचेखाली टोचली जाते आणि तिच्यात रक्त नगण्य राहते. त्यामुळे तिचा धोका बराच कमी असतो. पण तो शून्य नसतो. कचऱ्यात सापडलेली सुई कोणाची, हे कळायला मार्गही नसतो. ज्या माणसाला ती टोचते, त्याला पुढचे काही महिने तपासण्यांच्या निकालांची वाट पाहत काढावे लागतात.

हिपॅटायटिस बीची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज तिशी-चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कचरावेचकांना बालपणी ती मिळालेली असण्याची शक्यता जवळपास नाही. ही लस प्रौढांनाही देता येते. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, एवढेच तिचे वेळापत्रक आहे.

सुई टोचलीच, तर जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर अॅसिड किंवा ब्लीच ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तो पहिल्या दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. ती गरजेची आहेत का, हे डॉक्टर ठरवतात. हिपॅटायटिस बीची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचाही विचार त्याच वेळी होतो. ‘संध्याकाळी काम संपल्यावर जाऊ’ या एका विचाराने मोलाचे तास निघून जातात.

सुई टाकण्याची साधी रीत

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. फरशी पुसण्याच्या द्रवाची किंवा डिटर्जंटची फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली पुरते. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, तिच्यातून सुई बाहेर येते. काचेची बाटली फुटते. इंजेक्शन घेतले की सुई न वाकवता, न मोडता सरळ या बाटलीत टाकावी. बोटाला टोचायच्या सुयाही तिच्यातच जाव्यात. बाटली तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी.

इथे एक मेख आहे. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे ती उघडून रिकामी केली जाण्याची शक्यता असते. म्हणून बाटलीवर ठळक लाल खूण करावी, ‘सुया आहेत, उघडू नये’ असे लिहावे आणि ती सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी, सांगून द्यावी. नुसते लिहिणे पुरत नाही. घेणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईलच असे नाही. ज्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात उपचार चालू आहेत, तिथे अशी भरलेली बाटली घेतील का, हेही विचारून पाहावे. त्यांच्याकडे सुयांच्या विल्हेवाटीची व्यवस्था असतेच.

उरलेल्या गोळ्या, डायपर आणि पारा

मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे औषधांचे अंश पूर्णपणे काढण्यासाठी बांधलेली नसतात. प्रतिजैविकांचे अंश नदीनाल्यात गेले की तिथल्या जिवाणूंना त्या औषधांना दाद न देण्याची जणू तालीमच मिळते. गोळ्यांच्या अख्ख्या पाकिटांसह औषधे कचऱ्यात टाकणेही बरे नाही. ती लहान मुलांच्या किंवा गैरवापर करणाऱ्यांच्या हाती लागू शकतात. संकलनाची सोय नसेल, तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून, पिशवी बंद करून, घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. काही मोजकी तीव्र वेदनाशामके याला अपवाद आहेत. ती चुकून दुसऱ्याने घेतली तर जीव जाऊ शकतो. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये अशा सतरा औषधांची यादी दिली असून ती शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे म्हटले आहे. घरात कर्करोगाच्या रुग्णासाठी अशी औषधे आणलेली असतील, तर डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. दम्याचे इन्हेलर दाबाखाली भरलेले असतात. ते जाळू किंवा फोडू नयेत.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर यांच्यासाठी पुण्यात कचरावेचकांनीच सोपा उपाय रुजवला. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे हाताळणाऱ्याला कळते. यासाठी रद्दीच्या कागदाच्या पिशव्याही या महिलांनी बनवल्या. डायपरमधील विष्ठेतून कावीळ (हिपॅटायटिस ए), विषमज्वर आणि जंत पसरू शकतात. दुपारचा डबा खायच्या आधी हात धुवायला पाणी मिळेलच, याची खात्री नसलेल्या माणसासाठी हा धोका कागदावरचा नसतो.

पाऱ्याचा तापमापक फुटला, तर पारा झाडूने झाडू नये. त्याचे आणखी बारीक थेंब होऊन वाफ वाढते. मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरावेत. रिमोटमधल्या किंवा खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्या मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. अशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजण्याची इजा होते.

नियम आहेत, पत्ता हवा

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सुया, मुदतबाह्य औषधे, पाऱ्याचे तापमापक, बॅटऱ्या यांना ‘घरगुती घातक कचरा’ असे स्पष्ट नाव होते. तो स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असेही त्यांत म्हटले होते. सुमारे पाचशे चौरस किलोमीटरच्या पुण्यासारख्या शहराला या हिशेबाने किमान पंचवीस केंद्रे लागतात. २०२६ च्या नव्या नियमांनी कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार केले आहेत. आपल्या भागातील केंद्राचा पत्ता आणि वेळ काय, हा प्रश्न प्रत्येक नागरिकाने आरोग्य कोठीत किंवा प्रभाग कार्यालयात विचारायला हवा. विचारणारे वाढले, तर केंद्रे चालू राहतात.

तोवर सोसायटीला स्वतःच्या पातळीवर बरेच करता येते. फाटकाजवळ कुलूप लावलेला एक डबा सुयांच्या बाटल्यांसाठी आणि एक बॅटऱ्या-औषधांसाठी ठेवता येईल. तो महिन्यातून एकदा कोण आणि कुठे नेणार, हे महापालिकेशी बोलून ठरवता येईल. कोणाच्या घरी इन्सुलिन सुरू आहे, हे सूचना फलकावर लिहिण्याची गरज नाही. डबा सर्वांना माहीत असला की पुरे. आपल्याकडचा कचरा उचलणाऱ्या व्यक्तीने हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले आहेत का, याची आपुलकीने चौकशी करावी. घेतले नसतील, तर सोसायटीच्या निधीतून ते देता येतात. सणासुदीला दिल्या जाणाऱ्या साडी-मिठाईबरोबर ही भेटही शोभून दिसेल. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचा समावेश झाला आहे. तिच्यात सुरक्षा साहित्य आणि आयुष्मान आरोग्य विम्याची तरतूद आहे. नोंदणीचे कागद भरायला मदत करणारे सुशिक्षित हात प्रत्येक सोसायटीत असतात.

इन्सुलिन घेणारा माणूस दररोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत, न चुकता सुई टोचतो. एवढी शिस्त ज्याच्या अंगी आहे, त्याला ती सुई बाटलीत टाकणे अवघड नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इन्सुलिनच्या मात्रेखाली ही एक ओळ आणखी लिहावी, आणि लिहिली नसेल तर रुग्णाने ती विचारून घ्यावी.