नाटकाच्या जाहिराती कोणी जपायच्या?

अक्षरचित्रे : लेखांक ६

एड रुशे या अमेरिकी पॉप चित्रकाराने १९६४ साली ‘रेडिओ’ हा एकच शब्द रंगवला आणि त्यातली अक्षरे लोखंडी क्लॅम्पमध्ये आवळलेली दाखवली. नोव्हेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात त्या चित्राला सव्वापाच कोटी डॉलर मिळाले. रॉबर्ट इंडियानाच्या ‘लव्ह’ची गत उलटी झाली. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या नाताळ शुभेच्छापत्रावर ती चार अक्षरे छापली गेली, १९७३ साली आठ सेंटच्या टपाल तिकिटावर आली, आणि कॉपीराइटचे रक्षण नसल्याने ज्याला हवी त्याने ती उचलली. अक्षरचित्राची किंमत अशी त्याच्या एकुलतेपणावर ठरते. बाजारापुरते हे ठीक आहे. जतन करणाऱ्याने मात्र हा निकष स्वीकारू नये, असे माझे म्हणणे आहे.

त्याचे कारण आपल्याकडे आहे. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे वसंत कानेटकरांचे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे शीर्षक कमल शेडगे यांनी रेखाटले होते. शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते. पुढची कित्येक दशके मराठी नाटकांची नावे त्यांच्या हातून वळण घेत राहिली. ऐतिहासिक नाटकाच्या अक्षरांना एक बाज, फार्सच्या अक्षरांना दुसरा. नाटकाचा स्वभाव प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच कळावा, ही त्यामागची दृष्टी. ही अक्षरे पाहिली गेली ती वर्तमानपत्राच्या पानावर, दोन कॉलमांच्या चौकटीत, शेजारच्या नाटकांच्या गर्दीत. त्यांचे मूळ रेखाटन मौल्यवान आहेच, पण कलाकृती पूर्ण होत होती ती छापील पानावर. म्हणून ज्यांनी ती कात्रणे कापून वहीत चिकटवली, त्यांना मी खरे संग्राहक मानतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : ही तर जाहिरात, पोटापाण्याचे काम, हिला चित्रकलेच्या रांगेत कशाला बसवता? पण रुशेने स्वतः लॉस एंजेलिसच्या जाहिरात संस्थेत मांडणीचे काम केले होते, आणि वॉरहॉल तर जाहिरातींसाठी चित्रे काढूनच नावारूपाला आला. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शब्द नाटककाराचा, मग अक्षरकाराचे त्यात काय? रुशेनेही ‘स्टँडर्ड’ हा शब्द पेट्रोलपंपाच्या पाटीवरून घेतला होता. शब्द कुणाचा, यापेक्षा तो डोळ्यांना कसा भेटला, हाच या कलेतला मुद्दा आहे. जुन्या अंकांचे आता स्कॅनिंग होते, मग कात्रणे कशाला, असेही कुणी विचारेल. स्कॅनिंग व्हायलाच हवे, परंतु ते उरलेल्या प्रतींचेच होणार. मोठ्या शहरांतल्या संग्रहात नसलेली आवृत्ती एखाद्या तालुक्याच्या वाचनालयातच सापडू शकते.

हिंगोलीकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ६१ पदे आज गुरु ग्रंथ साहिबात आहेत, कारण १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध करताना दूरच्या या संताची वाणीही त्यात सामावून घेतली. जपणारा मूळ गावाचाच असावा लागतो, असे नाही. मुंबईत रेखाटलेली अक्षरे मग वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढ्यात का जपली जाऊ नयेत?

वाचनालयांनी आणि घरोघरच्या वाचकांनी जुने अंक रद्दीत घालण्याआधी नाटकांच्या जाहिरातींचे पान बाजूला काढावे. फक्त शीर्षक कापू नये. आख्खे पान ठेवावे, त्यावर वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती आणि तारीख पेन्सिलने लिहावी. सेलोटेप टाळावा, तो पिवळा पडून कागद खातो. त्याच पानावर प्रयोगाचे नाट्यगृह, वेळ आणि तिकिटाचे दरही असतात, तेही राहू द्यावेत.

पुढील लेखांकात र. कृ. जोशी आणि संगणकावर घरोघरी पोहोचलेला त्यांचा ‘मंगल’ फाँट.