संस्थेची नोंदणी : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावात वाचनालय काढायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘नोंदणी कुठे करायची?’ आणि जितकी माणसे बैठकीला असतील तितकी उत्तरे मिळतात. देणगीदाराचे तर त्याहून सोपे असते. पावतीवर नोंदणी क्रमांक दिसला की त्याची शंका मिटते. तो क्रमांक नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळण्यासाठी महाराष्ट्रातील संस्थांबद्दलचे नेहमीचे सात समज तपासून पाहू.

गैरसमज १ : नोंदणीशिवाय एकत्र येऊन कामच करता येत नाही.

वस्तुस्थिती : संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना दिला आहे. टेकडीवर झाडे लावणाऱ्या मित्रमंडळाला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. कायदा मध्ये येतो तो लोकांचा पैसा आणि लोकांसाठीची मालमत्ता हातात आल्यावर. देऊळ, दवाखाना, धर्मशाळा अशा कामासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था उभी राहिली, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांनी तीन महिन्यांत राज्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. तो टाळला तर दंड होऊ शकतो. शिवाय कलम ३१ प्रमाणे, नोंदणी नसलेल्या व्यवस्थेच्या वतीने हक्क मागणारा दावा न्यायालयात चालत नाही. म्हणजे कुणी जागा बळकावली तरी हात बांधलेले. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांनाही वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, ती याच कायद्याखाली.

गैरसमज २ : सोसायटी म्हणून एकदा नोंदणी झाली की पुरे.

वस्तुस्थिती : सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवू शकतात. हा कायदा इंग्रजी अमदानीतला आणि साऱ्या देशाला परिचित. महाराष्ट्रात मात्र अशी संस्था १९५० च्या कायद्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थाही ठरते. म्हणून तिला दुसरी नोंदणीही करावी लागते. संस्थेच्या लेटरहेडवर ‘महाराष्ट्र’ आणि जिल्ह्याच्या नावासह एक क्रमांक व ‘एफ’ने सुरू होणारा दुसरा, असे दोन क्रमांक दिसतात ते यामुळेच. ना-नफा संस्थेचा आणखी एक प्रकार कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदवला जातो. त्याची नोंदणी कंपनी निबंधकाकडे होते.

गैरसमज ३ : प्रमाणपत्र फ्रेम करून लावले की सरकारचा संबंध संपला.

वस्तुस्थिती : खरा संबंध तिथून सुरू होतो. दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. लेखापरीक्षकाचे कामही बेरजा जुळवण्यापुरते नाही. बेकायदा किंवा गैरवाजवी खर्च, येणे वसूल न करणे, मालमत्तेचे नुकसान हे सारे त्याने अहवालात नोंदवायचे असते. विश्वस्त बदलले, कुणी वारले, नवी मालमत्ता आली तर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीतला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. संस्थांमधली कितीतरी भांडणे याच टप्प्यावर अडतात. निवडणूक होते, हारतुरे होतात, पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच नावे राहतात. तसेच संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. सर्व विश्वस्तांचे एकमत झाले तरी ही अट सुटत नाही.

गैरसमज ४ : नोंदणीकृत म्हणजे सरकारमान्य आणि म्हणूनच विश्वासू.

वस्तुस्थिती : नोंदणी म्हणजे संस्थेच्या अस्तित्वाची, उद्देशांची, विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद. संस्थेच्या कामाच्या दर्जाबद्दल ती काहीही सांगत नाही. सरकारी अनुदानाचा हक्कही तिच्यामुळे मिळत नाही. तिचा उपयोग आहे तो दाद मागण्यासाठी. गैरव्यवहार झाल्यास हितसंबंधित व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते, चौकशी होऊ शकते आणि आरोप सिद्ध झाल्यास विश्वस्ताला निलंबित किंवा पदावरून दूरही करता येते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, हे बंधनही १९५० च्याच कायद्यातून आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेतून आले आहे.

गैरसमज ५ : ना-नफा संस्थेकडे पैसा शिल्लक राहू नये, तिने पगारही देऊ नयेत.

वस्तुस्थिती : बंदी शिलकीवर नाही, ती वाटून घेण्यावर आहे. शिल्लक संस्थेच्या उद्देशांसाठीच वापरावी लागते. आयकराची सूट हवी असेल तर साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातील ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करायची असते, उरलेले १५ टक्के राखून ठेवता येतात. मोठ्या कामासाठी अधिक रक्कम साठवायची तर विहित पद्धतीने तसे कळवावे लागते. कर्मचाऱ्यांना वाजवी पगार देण्यात गैर काही नाही. विश्वस्ताच्या नातलगाला अवाजवी लाभ दिला तर मात्र करसूट धोक्यात येते.

गैरसमज ६ : नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळतेच.

वस्तुस्थिती : धर्मादाय नोंदणी राज्याच्या कार्यालयाकडे, करविषयक मान्यता आयकर विभागाकडे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळण्यासाठी एक नोंदणी लागते आणि देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी मान्यता लागते. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले तरी हा भेद कायम आहे. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोख दिली तर वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही.

गैरसमज ७ : परदेशातला आपला माणूस पैसे पाठवतो, त्यात परवानगी कसली?

वस्तुस्थिती : इथे माणूस कुठे राहतो यापेक्षा त्याचे नागरिकत्व कोणते, हे महत्त्वाचे. दुबईत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या अभियंत्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. त्याच गावच्या, पण आता अमेरिकी नागरिक झालेल्या डॉक्टरने दिलेली रक्कम ठरते, मग ती त्याने पुण्यात येऊन रुपयांत दिली तरी. अशा देणगीसाठी परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

या नियमांचा जाच लहान संस्थांना होतो, हे खरे. हेलपाटे, वकिलाची फी आणि लेखापरीक्षकाचा खर्च यांत उत्साह आटतो. तरीही लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना मागता यावा, हा या कायद्यांमागचा हेतू योग्यच आहे, आणि तो साधायचा तर मागणारेही हवेत. म्हणून मोठी देणगी देण्याआधी तीन गोष्टी पाहा : धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा ताजा उतारा, मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि करसवलत हवी असल्यास ‘८०जी’ मान्यतेची मुदत. ज्या संस्थेला हे विचारल्याचा राग येतो, तिच्याकडे कितीही क्रमांक असोत, तिथे देणगी देण्याची घाई करू नये.